चारचौघांतले ‘मला माहीत नाही’

‘मला माहीत नाही’ असे कोणी म्हटले की आपण त्याचा नाद सोडतो आणि दुसऱ्याला विचारू लागतो. वाट विचारणारा वाटसरू असो की तोंडी परीक्षा घेणारा मास्तर असो, त्याच्या लेखी हे उत्तर म्हणजे रिकामे भांडे. परंतु कोड्यांची एक जात अशी आहे की तिच्यात हे रिकामे भांडे द्रौपदीच्या थाळीसारखे निघते. त्याला चिकटलेल्या एका पानावर सर्वांची तृप्ती होते. दोन माणसे एकमेकांना एकही आकडा सांगत नाहीत. ‘मला माहीत नाही’, ‘मलाही नाही’ एवढेच बोलतात. थोड्या वेळाने दोघांनाही उत्तर सापडते. इतकेच नव्हे, तर बाजूला बसून नुसते ऐकणाऱ्या तिसऱ्यालाही ते सापडू शकते. ही कोडी सोडवावयाची कशी, आणि ती सुटतात ती नेमकी कशाच्या बळावर, एवढाच आजचा विषय आहे. बेरीज, गुणाकार आणि मूळ संख्या ह्यांपलीकडचे गणित त्यात लागणार नाही. कागद-पेन्सिल मात्र जवळ असलेली बरी.

सोप्यापासून सुरुवात करू. दोन गृहस्थ समोरासमोर बसले आहेत. प्रत्येकाच्या कानात एकेक संख्या सांगितली आहे. दोन्ही संख्या १ पासून पुढच्या पूर्ण संख्या असून लागोपाठच्या आहेत, म्हणजे त्यांत एकाचाच फरक आहे, हे दोघांनाही एकमेकांदेखत सांगून ठेवले आहे. पहिल्याच्या कानात ३ सांगितले, दुसऱ्याच्या कानात ४. आता पहिल्याला विचारले, ‘समोरच्याची संख्या कोणती?’ तो म्हणतो, ‘माहीत नाही.’ दुसराही म्हणतो, ‘माहीत नाही.’ पुन्हा पहिल्याला विचारले, तर तो म्हणतो, ‘आता कळली. ४.’

हे कसे झाले? पहिल्याजवळ १ असता, तर समोर २ शिवाय काही असूच शकत नव्हते. १ च्या अलीकडे संख्या नाही. तेव्हा त्याच्या ‘माहीत नाही’चा अर्थ, ‘माझ्याजवळ १ नाही.’ दुसऱ्याने हे ऐकले. त्याच्याजवळ १ असता तर तो लगेच २ म्हणाला असता. २ असता तर समोर १ किंवा ३. पण १ तर आताच बाद झाला, म्हणून तो ३ म्हणाला असता. तोही ‘माहीत नाही’ म्हणाला, अर्थात त्याच्याजवळ १ नाही आणि २ ही नाही. पहिल्याजवळ ३ आहे; समोर २ किंवा ४; २ बाद; उरले ४. संख्या मोठ्या असत्या तर फेऱ्या वाढल्या असत्या एवढेच.

हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक चमत्कारिक गोष्ट लपलेली आहे. पहिल्याच्या पहिल्या ‘माहीत नाही’ने दुसऱ्याला काय कळले? ‘पहिल्याजवळ १ नाही’ एवढेच. पण दुसऱ्याजवळ ४ आहे! समोर ३ किंवा ५ आहे, १ असणे शक्यच नाही, हे त्याला तोंड उघडण्यापूर्वीच ठाऊक होते. जे ऐकणाऱ्याला आधीच माहीत होते, तेच बोलणाऱ्याने सांगितले. असे असूनही ते वाक्य गाळा, म्हणजे कोडे अडते. माहीत असलेलीच गोष्ट ऐकून ज्ञान वाढले कसे?

ह्या गाठीवर बोट ठेवणारे एक जुने कोडे आहे. जे. ई. लिटलवुड हे इंग्रज गणिती आपल्याकडे हार्डी व रामानुजन ह्यांच्याबरोबर ओळखले जातात. त्यांनी १९५३ साली गणितातल्या गमतीजमतींचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात आगगाडीच्या डब्यात बसलेल्या तीन बायका येतात. तिघींचेही चेहरे मळलेले आहेत आणि तिघीही हसत आहेत. प्रत्येकीला वाटते आहे की आपण बाकीच्या दोघींना हसतो. हे कोडे थोडे बदलून घेऊ. गाडी बोगद्यातून बाहेर आली आणि इंजिनाच्या काजळीने तिघींचे चेहरे काळे झाले. आरसा कोणाजवळ नाही. प्रत्येकीला समोरच्या दोघी दिसतात, स्वतःचा चेहरा दिसत नाही. अशा वेळी तिकीट तपासनीस डब्यात येतो आणि मोठ्याने म्हणतो, ‘तुमच्यापैकी निदान एकीच्या तोंडाला काजळी लागली आहे. ज्या कोणाला आपले तोंड काळे झाल्याची खात्री असेल तिने उठून तोंड धुवावे.’ कोणी उठत नाही. तो तेच पुन्हा म्हणतो. तरी कोणी उठत नाही. तिसऱ्या वेळी मात्र तिघीही एकदम उठतात.

तपासनिसाने नवे काय सांगितले? काहीच नाही. प्रत्येकीला दोन काळे चेहरे दिसतच होते. मग त्याच्या बोलण्याने काय बदलले ते पाहू. पहिली मनात म्हणते, ‘समजा, माझा चेहरा स्वच्छ आहे. मग दुसरीला एकटी तिसरीच काळी दिसत असेल. आता दुसरीनेही आपण स्वच्छ आहोत असे समजले, तर तिच्या कल्पनेतल्या तिसरीला काळे तोंड एकही दिसत नसणार.’ म्हणजे ‘निदान एक तोंड काळे आहे’ हे तिघींनाही माहीत होते. तिघींना ते माहीत आहे हेही प्रत्येकीला माहीत होते. पण ‘तिसरीला ते माहीत आहे हे दुसरीला माहीत आहे’, अशी खात्री पहिलीला नव्हती. साखळीची तिसरी कडी तुटलेली होती, आणि तपासनिसाच्या मोठ्या आवाजाने ती जोडली गेली. पुढे पहिली शांतता म्हणजे ‘काळे तोंड एकच असे नाही’, दुसरी शांतता म्हणजे ‘दोनच असेही नाही’. तिघींच्या कानात त्याने तेच वाक्य वेगवेगळे कुजबुजले असते, तर गाडी मुक्कामाला पोहोचेपर्यंत कोणी उठले नसते.

सर्वांना एखादी गोष्ट माहीत असणे निराळे, आणि ती चारचौघांत माहीत असणे निराळे. दुसऱ्या प्रकारात मला माहीत असते, तुम्हाला माहीत असते, तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत असते, ते मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत असते, आणि ही साखळी कोठेच तुटत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस ह्यांनी १९६९ च्या आपल्या ‘कन्व्हेन्शन’ ह्या ग्रंथात ह्या कल्पनेची पद्धतशीर मांडणी केली. रॉबर्ट ऑमन ह्यांनी १९७६ साली तिला गणिती रूप दिले. त्यांना २००५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शास्त्रीय नाव काही असो, मी तिला ‘चारचौघांतले ज्ञान’ म्हणेन, कारण आपल्या भाषेने हा भेद केव्हाच ओळखला आहे. ‘उघड गुपित’ हा शब्द पाहा. वरवर वदतोव्याघात; उघड असेल तर गुपित कसले? पण अर्थ चोख आहे. जो तो जाणतो, पण आपण जाणतो असे कोणी दाखवीत नाही, आणि म्हणून दुसरा जाणतो की नाही ह्याची खात्री धरता येत नाही. गावात दवंडी पिटीत तीही ह्याचसाठी. घरोघर निरोप पाठवूनही बातमी पोहोचली असती. पण ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणण्याची वाट दवंडीच बंद करी, कारण ती सगळ्यांनी ऐकली हे सगळ्यांनी पाहिलेले असे.

ह्यात नुसती करमणूक नाही. एखाद्या सहकारी संस्थेचा हिशेब जुळत नाही, हे सभासदांपैकी प्रत्येकाला मनोमन माहीत असते. वर्षानुवर्षे वार्षिक सभा होतात, अहवाल मंजूर होतात, चहा होतो. प्रत्येकाला वाटते, आपण उठलो आणि बाकीचे गप्प बसले तर? मग एखाद्या वर्षी कोणी तरी साधा सभासद उठतो आणि ‘अमुक रकमेचे काय झाले?’ एवढेच विचारतो. त्याने कोणालाही नवी माहिती दिलेली नसते. पण दुसऱ्या दिवसापासून ती संस्था पूर्वीची राहत नाही. अँडरसनच्या १८३७ सालच्या गोष्टीतले, राजा उघडा आहे असे ओरडणारे मूल हेच करते. आणि ज्यांना कारभार झाकून ठेवावयाचा असतो त्यांना हे चांगले कळते. म्हणून लोकांनी मनात काय जाणावे ह्यापेक्षा सभेत काय बोलावे ह्यावर त्यांची नजर अधिक असते.

चारचौघे एकत्र नसले म्हणजे हे ज्ञान निर्माण करणे किती अवघड, तेही पाहण्यासारखे आहे. दोन टेकड्यांवर एकाच सैन्याच्या दोन तुकड्या आहेत, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकदम चाल केली तर जय, एकट्याने केली तर नाश. निरोप्या दरीतून पाठवावा लागतो आणि तो पकडला जाण्याचा संभव असतो. ‘पहाटे चाल करू’ असा निरोप पहिला सेनापती धाडतो. तो पोहोचला की नाही हे कळल्याशिवाय तो हलणार नाही, म्हणून दुसरा पोच धाडतो. पोच पोहोचली की नाही ही आता दुसऱ्याची चिंता. म्हणून पोचेची पोच. निरोपे कितीही धावले तरी शेवटच्या निरोपाविषयीची शंका उरतेच, आणि अशा मार्गाने दोघांचाही निश्चय कधीच पक्का होऊ शकत नाही, हे सिद्ध झालेले आहे. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन संगणकांना एकच व्यवहार मिळून पुरा करावयाचा असतो, तेव्हा त्यांच्यापुढेही हीच अडचण उभी राहते.

आता ह्या सगळ्या जातीतला राजा. हान्स फ्रॉयडेंथाल हे १९०५ साली जर्मनीत जन्मलेले आणि पुढे हॉलंडमधील उट्रेख्ट येथे प्राध्यापक झालेले गणिती. १९६९ मध्ये एका डच गणितविषयक नियतकालिकात त्यांनी पुढील कोडे घातले. पात्रांना नावे मी माझ्या सोयीने दिली आहेत.

दोन पूर्ण संख्या धरल्या आहेत. दोन्ही १ हून मोठ्या, एकमेकींहून भिन्न, आणि त्यांची बेरीज १०० हून अधिक नाही. त्यांची बेरीज बेरीजपंतांच्या कानात सांगितली आणि गुणाकार गुणाकारपंतांच्या. ह्या अटी दोघांनाही चारचौघांत माहीत आहेत. मग संभाषण होते ते असे:

‘बेरीजपंत, मला काही त्या संख्या ओळखता येत नाहीत.’

‘तुम्हाला येणार नाहीत हे मला आधीच ठाऊक होते.’

‘असे म्हणता? मग आता मला कळल्या.’

‘मग मलाही कळल्या.’

संख्या कोणत्या? प्रथम वाचणाऱ्याला वाटते की छापताना आकडे गळले असावेत. पण पुरेसे सगळे ह्यात आहे. चारही वाक्ये क्रमाने घेऊ.

गुणाकारपंतांना संख्या एकदम केव्हा ओळखता आल्या असत्या? दोन्ही मूळ संख्या असत्या तर. गुणाकार २१ असेल तर ३ आणि ७ शिवाय गत्यंतर नाही. तेव्हा पहिल्या वाक्याने अशा सोप्या जोड्या बाद झाल्या. ह्याहून दुसरे वाक्य फार मोलाचे. बेरीजपंत म्हणतात, ‘मला आधीच ठाऊक होते.’ अर्थात त्यांच्याजवळच्या बेरजेची कशीही फोड केली तरी गुणाकारपंतांना एकदम ओळखता येईल अशी जोडी तीत निघत नाही. ८ पासून १०० पर्यंतची प्रत्येक सम संख्या दोन भिन्न मूळ संख्यांची बेरीज म्हणून मांडता येते. शंका असल्यास घरी करून पाहावे. ६ ची फोड २ आणि ४ एवढीच, आणि ८ हा गुणाकार ऐकताच ती ओळखू येते. सारांश, बेरीज सम नाही. विषम बेरजेत मूळ संख्येला २ मिळवून झालेल्या सर्व बाद. उदाहरणार्थ २५, कारण ती २३ आणि २ ची बेरीज आहे. ५३ हून मोठ्या विषम बेरजाही बाद, कारण त्यांच्या फोडीत ५३ ही मूळ संख्या येऊ शकते, आणि गुणाकारात ५३ असले की एक संख्या ५३ च असली पाहिजे. तिची दुप्पट १०६ ही मर्यादेबाहेर जाते. ह्याच कारणाने ५१ ही सुटते: तिच्या फोडीत १७ आणि ३४ येतात, आणि ५७८ हा गुणाकार मर्यादेत राहून दुसऱ्या कोणत्याही रीतीने होत नाही. उरलेल्या बेरजा दहा: ११, १७, २३, २७, २९, ३५, ३७, ४१, ४७, ५३.

ही दहांची यादी आता गुणाकारपंतही मनात करू शकतात, आणि ते करू शकतात हे बेरीजपंत जाणतात. तिसऱ्या वाक्याचा अर्थ असा की, गुणाकारपंतांच्या गुणाकाराच्या जितक्या जोड्या होतात त्यांपैकी एकाच जोडीची बेरीज ह्या यादीत आहे. गुणाकार ३० असता तर २ व १५ ची बेरीज १७ आणि ५ व ६ ची ११, दोन्ही यादीत. त्यांना ‘कळल्या’ म्हणता आले नसते.

चौथ्या वाक्यासाठी एक युक्ती लक्षात ठेवावी. यादीतल्या सगळ्या बेरजा विषम आहेत, म्हणून जोडीत एक संख्या सम, एक विषम. आता ४, ८, १६, ३२ ह्या दुपटीच्या संख्यांपैकी एक आणि एक विषम मूळ संख्या ह्यांचा गुणाकार घ्या. एक बाजू विषम ठेवावयाची तर सगळे दोन दुसऱ्या बाजूला जावे लागतात, आणि जोडी एकच उरते. अशी फोड आली की गुणाकारपंतांना कळलेच म्हणून समजावे. मग ज्या बेरजेत अशा फोडी दोन निघतात, ती बेरीज हाती असलेले बेरीजपंत ‘मलाही कळल्या’ म्हणू शकणार नाहीत. कोणती फोड ते त्यांना ठरविता येणार नाही. ११ मध्ये ४ व ७ आणि ८ व ३. २३ मध्ये ४ व १९ आणि १६ व ७. २७ मध्ये ४ व २३ आणि ८ व १९. ३५ मध्ये ४ व ३१ आणि १६ व १९. ३७ मध्ये ८ व २९ आणि ३२ व ५. ४७ मध्ये ४ व ४३ आणि १६ व ३१. सहा बाद. २९, ४१ आणि ५३ थोडा त्रास देतात. त्यांत अशी फोड एकेकच आहे, पण गुणाकारपंतांना पुरेशी होईल अशी निराळ्या प्रकारची दुसरी फोड निघते: अनुक्रमे १२ व १७, १० व ३१, २१ व ३२.

राहता राहिली १७. तिच्या फोडी सात. २ व १५ चा गुणाकार ३०, तो ५ व ६ नेही होतो (बेरीज ११). ३ व १४ चा ४२, तो २ व २१ नेही (२३). ५ व १२ चा ६०, तो ३ व २० नेही (२३). ६ व ११ चा ६६, तो २ व ३३ नेही (३५). ७ व १० चा ७०, तो २ व ३५ नेही (३७). ८ व ९ चा ७२, तो ३ व २४ नेही (२७). ह्या सहांपैकी कोणत्याही गुणाकारावर गुणाकारपंत अडले असते. फक्त ४ व १३ चा ५२ असा की त्याची दुसरी जोडी २ व २६, आणि तिची बेरीज २८, जी यादीत नाही. संख्या ४ आणि १३. आपल्याला बेरीज सांगितलेली नव्हती आणि गुणाकारही सांगितलेला नव्हता.

ह्या कोड्यात १०० ही मर्यादा नुसती शोभेची आहे असे कोणास वाटेल. मार्टिन गार्डनर ह्यांच्यासारख्या कसलेल्या कोडेकारालाही ती चकवून गेली. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या डिसेंबर १९७९ च्या अंकात त्यांनी हे कोडे ‘अशक्य कोडे’ म्हणून दिले, आणि वाचकांचे श्रम वाचावेत म्हणून कोणतीही संख्या २० हून मोठी नाही अशी अट घातली. उत्तर ४ आणि १३ च राहील असा त्यांचा समज होता. पण २० ची अट आली की ६६ हा गुणाकार ६ व ११ शिवाय होतच नाही. ३ व २२ आणि २ व ३३ ह्या वाटा बंद होतात. मग १७ बेरीज हाती असलेले बेरीजपंत ‘तुम्हाला येणार नाहीत हे ठाऊक होते’ असे म्हणूच शकत नाहीत. कोडे खरोखरीच अशक्य होऊन बसले! उलट १०० ची मर्यादा वाढवीत सुमारे सतराशेपर्यंत नेली, तर ४ आणि ६१ ही आणखी एक जोडी त्याच संभाषणात बसू लागते आणि कोडे संदिग्ध होते. खऱ्या उत्तराच्या जवळपासही नसलेल्या शक्यतांनी उत्तर ठरते, कारण दोघांच्या विचारात त्या शक्यता असतात आणि असतात हे दोघांना ठाऊक असते.

अर्थात हे सगळे पंत बिनचूक हिशेब करणारे आहेत आणि तसे ते आहेत हे एकमेकांना माहीत आहे, असे गृहीत धरले आहे. पेंगणाऱ्या माणसाच्या ‘माहीत नाही’तून काहीच निघत नाही. म्हणून व्यवहारात मी तरी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीपलीकडे ह्या तर्कावर पैज लावणार नाही.

शब्दही काटेकोर लागतात. एप्रिल २०१५ मध्ये सिंगापूरच्या एका शालेय गणितस्पर्धेतले कोडे जगभर गाजले. शेरिल नावाची मुलगी आपल्या वाढदिवसाच्या दहा शक्य तारखा सांगते: मे १५, १६, १९, जून १७, १८, जुलै १४, १६, ऑगस्ट १४, १५, १७. मग ती आल्बर्टला फक्त महिना आणि बर्नार्डला फक्त दिवस सांगते. आल्बर्ट म्हणतो, ‘मला माहीत नाही, पण बर्नार्डलाही माहीत नाही हे मला ठाऊक आहे.’ बर्नार्ड म्हणतो, ‘आधी मला माहीत नव्हते, पण आता कळले.’ आल्बर्ट म्हणतो, ‘मग मलाही कळले.’ पुष्कळांनी १७ ऑगस्ट असे उत्तर काढले. आल्बर्टला बर्नार्डचे अज्ञान कोठून तरी आधीच कळले आहे असे धरले, तर १८ आणि १९ ह्या एकाकी तारखा तेवढ्या गळतात, जूनमध्ये १७ हीच उरते, पण आल्बर्टला तर उत्तर ठाऊक नाही, म्हणून जूनही जातो आणि १७ ऑगस्ट शिल्लक राहते. पण आल्बर्टजवळ महिन्यावाचून दुसरे काही नाही. बर्नार्डचे अज्ञान त्याने त्या महिन्यावरूनच ताडले असले पाहिजे. तेव्हा १८ आणि १९ बरोबर अख्खा जून आणि अख्खा मे जातात. राहिलेल्या पाचांत १४ दोनदा येते, ती बर्नार्डजवळ असू शकत नाही. उरल्या १६ जुलै आणि ऑगस्टमधल्या दोन. आल्बर्टला निश्चित कळले, म्हणजे महिना जुलै. स्पर्धेच्या चालकांचे उत्तरही १६ जुलै हेच होते.